ओकिनावाच्या लोकांचा लढा जमिनीसाठी की युद्धाविरुद्ध?

दिवाडीची शिक्षिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दिवाडी बेटावरच्या आमच्या वाचन मंडळात यंदा बेटांवरील लोकजीवनाविषयी वाचन चालू आहे आणि पुढच्या बैठकीत ओकिनावातील युद्धविरोधी आंदोलनांवर मला बोलायचे आहे. मंडळात उच्च माध्यमिकचे विद्यार्थी येतात, तशी निवृत्त मंडळीही येतात, त्यामुळे वरवरची माहिती देऊन भागणार नाही.

ओकिनावा प्रांताची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या गोव्याइतकीच. क्षेत्रफळ मात्र सुमारे २,२८० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. जपानच्या एकूण भूमीत या प्रांताचा वाटा ०.६ टक्के आहे. तरीही जपानमध्ये केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखून ठेवलेल्या तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन एकट्या ओकिनावात आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीवर तीन अमेरिकी सैनिकांनी अत्याचार केले, त्यानंतर २१ ऑक्टोबर रोजी गिनोवान शहरात झालेल्या निषेध सभेला आयोजकांच्या मोजणीनुसार ८५,००० लोक आले होते. गोव्याएवढ्या लोकवस्तीत एका दिवशी, एका मैदानावर इतकी माणसे जमतात तेव्हा त्यामागे किती वर्षांचे साचलेले असेल, याचा विचार मनातून जात नाही, म्हणून मी हा विषय घेतला.

आता अडचण सांगते. पूर्वतयारीच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतला की हा मुळात जमिनीचा तंटा आहे. ज्यांची शेते आणि मासेमारीची जागा गेली ते भरपाईसाठी भांडत आहेत आणि शांततेची भाषा त्यावर नंतर चढवली गेली आहे. मुलगा अभ्यासू आहे आणि त्याला गप्प बसवणारे उत्तर मला नको, पटणारे हवे आहे. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. हेनोको येथे नव्या अमेरिकी तळासाठी समुद्रात भराव टाकण्याचे काम विरोधाला न जुमानता चालूच आहे. मग इतक्या वर्षांच्या धरण्याने साधले काय, असे कोणी विचारल्यास काय सांगावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पेडण्याचा प्राध्यापक

बाई, आपल्या विद्यार्थ्याचा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हेनोकोपासून सुरुवात करू नका, इए बेटापासून करा.

ओकिनावाच्या मुख्य बेटाच्या वायव्येला असलेले हे बेट जेमतेम २३ चौरस किलोमीटरचे आहे. एप्रिल १९४५ मध्ये तेथे अमेरिकी आणि जपानी सैन्यांत सहा दिवस लढाई झाली आणि त्यात सुमारे १,५०० रहिवासी मरण पावले. त्या बेटावर शोको आहागोन नावाचे शेतकरी राहत. तरुणपणी ते पोटापाण्यासाठी क्यूबा आणि पेरू येथे जाऊन आले होते, परतल्यावर त्यांनी जमीन जमवली होती आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा काढावी असे त्यांचे स्वप्न होते. युद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च १९५५ मध्ये, अमेरिकी सैन्य बुलडोझर घेऊन त्याच बेटावर उतरले, घरे पाडली, शेते सपाट केली आणि त्या जागेवर विमानांतून बॉम्ब टाकण्याच्या सरावासाठी मैदान तयार केले. ज्या कुटुंबांनी नुकतीच युद्धातली माणसे पुरली होती, त्यांच्या रताळ्याच्या शेतात पुढच्या युद्धाची तालीम सुरू झाली. अशा वेळी जमिनीचे दुःख कोठे संपते आणि युद्धाचा विरोध कोठे सुरू होतो, हे वेगळे काढून दाखवणे मला तरी शक्य वाटत नाही.

या शेतकऱ्यांनी १९५४ मध्येच, म्हणजे जमीन हिसकावली जाण्याआधी, सैन्याशी बोलताना पाळायचे नियम लिहून काढले होते. ते नियम आपण वाचन मंडळात आवर्जून वाचून दाखवावेत. रागावू नये, वाईट शब्द तोंडातून काढू नये, खोटे बोलू नये. अधिकाऱ्यांशी बोलणी करताना खाली बसावे. हातात विळा, काठी किंवा काहीही असो, हात कानाच्या वर नेऊ नये. शेवटच्या नियमाचे कारण अगदी व्यावहारिक होते: उगारलेला हात दिसला की बंदूकधारी सैनिकाला गोळी झाडण्याचे निमित्त मिळते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्याच नियमांत असेही म्हटले होते की आपण पिकवणारे आहोत, माणुसकीत आपण सैनिकांपेक्षा कमी नाही आणि त्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी आपली आहे. भरपाईची रक्कम वाढवून घेण्यापुरता हा तंटा असता, तर असे कलम लिहिण्याची गरज पडली नसती.

जमीन गेल्यावर जुलै १९५५ पासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत इए बेटाचे हे शेतकरी, त्यांत बायका आणि मुलेही होती, ओकिनावाभर भीक मागत फिरले. हातात फलक असत आणि त्यांवर लिहिलेले असे की भीक मागणे लाजिरवाणे आहे, पण आमची जमीन बळाने काढून घेऊन आम्हाला भीक मागायला लावणे त्याहून लाजिरवाणे आहे. त्या काळी ओकिनावावर अमेरिकी लष्करी राजवट होती आणि वृत्तपत्रांतून गावोगावच्या बातम्या मोकळेपणाने पोहोचत नसत. इएमध्ये काय घडले ते इतरांना कळले ते या पायी फिरण्यामुळेच. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, जमिनींच्या प्रश्नावर सगळे ओकिनावा पेटून उठले, त्याची जमीन या शेतकऱ्यांनी नांगरून ठेवली होती.

येथे गोव्याच्या वाचकासाठी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. त्याच १९५५ च्या १५ ऑगस्टला आमच्या पत्रादेवीच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांनी प्राण दिले. इए बेटाची माणसे त्याच आठवड्यांत ओकिनावाच्या रस्त्यांवर फिरत होती. दोघांना एकमेकांची काही खबर असेल असे मला वाटत नाही, पण हात न उगारण्याची शिस्त दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे ती साध्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, कामगारांनी पाळली.

आता व्हिएतनाम युद्धाचा काळ पाहू. ओकिनावातील कादेना या अमेरिकी हवाई तळावरून बी-५२ विमाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला जात असत. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांपैकी एक विमान उड्डाणाच्या वेळी तळाच्या आवारातच कोसळून पेटले. तोपर्यंत ओकिनावाच्या लोकांनी स्वतःकडे युद्धात भरडलेले लोक म्हणून पाहिले होते. आपल्या बापजाद्यांच्या शेतांवरून निघालेली विमाने दुसऱ्या शेतकऱ्यांची गावे जाळत आहेत, ही जाणीव त्यांना या वर्षांत बोचू लागली आणि तिने आंदोलनाचा सूरच बदलला. तळासाठी जमीन भाड्याने देण्यास नकार देणारे जे जमीनमालक होते, ते स्वतःला युद्धविरोधी जमीनमालक म्हणवू लागले. १९८२ पासून त्यांना साथ देण्यासाठी हजारो लोकांनी तळाखालच्या जमिनीचे अगदी लहान लहान हिस्से, नावाला एक त्सुबो म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर, सामाईक मालकीने विकत घेतले. भाडे मिळत असताना ते नाकारणारा माणूस भरपाईसाठी भांडतो आहे, असे आपल्या विद्यार्थ्यालाही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात. फुतेन्मा येथील अमेरिकी सैन्याचा विमानतळ पाच ते सात वर्षांत परत करू, असे १९९६ मध्ये जाहीर झाले होते आणि त्याच्या बदल्यात हेनोकोचा तळ बांधायचा होता. आज जवळजवळ तीस वर्षे होत आली तरी तो तळ पुरा झालेला नाही. एप्रिल २००४ मध्ये हेनोकोच्या मच्छीमार बंदरावर वृद्ध स्त्री-पुरुष तंबू टाकून बसले, इतरांनी लहान होड्या घेऊन समुद्रतळाच्या पाहणीसाठी उभारलेल्या मचाणांना वेढा घातला आणि २००५ मध्ये ती मूळ योजना सरकारला सोडून द्यावी लागली. नंतर नवी योजना आली, हे खरे. जुलै २०१४ पासून हेनोकोतील श्वाब या अमेरिकी छावणीच्या फाटकासमोर रोजचे धरणे सुरू झाले. दिवसातून साधारण तीनदा मालवाहू ट्रकांचा तांडा येतो. त्याआधी दंगल-नियंत्रण पोलीस येऊन बसलेल्या एकेकाला, बहुतेक सत्तरी ओलांडलेल्यांना, हातापायांना धरून उचलतात आणि कुंपणाच्या कडेला, पोलिसांच्या गाड्या आणि पोलिसांचे कडे यांच्यामध्ये, ट्रक आत जाईपर्यंत अडकवून ठेवतात. ट्रक गेले की सोडतात. दुपारच्या फेरीला तीच माणसे पुन्हा फाटकासमोर बसलेली असतात. उचलताना अंग सैल सोडायचे, पोलिसाला ढकलायचे नाही, हे नव्याने येणाऱ्याला जुनी माणसे शिकवतात. इए बेटावरचे ते नियम येथे आपल्याला पुन्हा भेटतात.

वास्कोचा निवृत्त नौसैनिक

प्राध्यापक महोदयांनी जे लिहिले ते मी आदराने वाचले. माझे आयुष्य नौदलात गेले, तेव्हा माझी बाजूही वाचन मंडळासमोर जावी अशी माझी इच्छा आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेट घेताना आपले ७ नौसैनिक कामी आले. त्या माणसांनी हत्यार उचलले म्हणून गोवा मुक्त झाला, आणि पत्रादेवीच्या हुतात्म्यांविषयी मला जितका आदर आहे तितकाच त्यांच्याविषयी आहे. लष्कर म्हणजे अन्याय, असे समीकरण मुलांच्या मनात बसू नये, एवढीच माझी विनंती.

दुसरे असे की बेटावरचे सगळे लोक एका आवाजात बोलतात, असा समज बाहेरच्यांचा होतो. जपानच्या पश्चिम टोकाला असलेले योनागुनी बेट तैवानपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे. तेथे जपानच्या स्वतःच्या स्थलसेनेची तुकडी ठेवावी की नाही, यावर २२ फेब्रुवारी २०१५ रोजी मतदान झाले. बाजूने ६३२ आणि विरुद्ध ४४५ मते पडली. पुढच्या वर्षी तेथे छावणी सुरू झाली. लोकसंख्या घटत असलेल्या, शाळांत मुले उरत नसलेल्या बेटावर सैनिकांची कुटुंबे येणार म्हणून लोकांनी कौल दिला असेल किंवा शेजारच्या समुद्रातील चीनच्या हालचालींची धास्ती घेऊन दिला असेल, पण तो त्यांचा कौल होता. विरोधकांची मते लोकांची आणि बाजूने पडलेली मते फसलेल्यांची, असा भेद करू नये.

तिसरे, थोडे कठोर वाटेल, पण लिहितो. भराव्याची माती जहाजात चढवली जाते त्या आवा येथील धक्क्यावर आंदोलक ट्रकांसमोरून हळूहळू चालत वाहतूक रोखतात. २८ जून २०२४ रोजी तेथे एका ट्रकाखाली सापडून एक सुरक्षारक्षक मरण पावला आणि एक आंदोलक महिला गंभीर जखमी झाली. तो रक्षकही पोटासाठी तेथे उभा होता. अहिंसक आंदोलनाची शिस्त सांगताना त्या माणसाचा उल्लेख गाळू नये.

डिचोलीकर

नौसैनिक बाबांचा तिसरा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात ट्रकमालक एकीकडे आणि ज्यांच्या विहिरी आटल्या, शेतांत गाळ आला ते दुसरीकडे, असे एकाच वाड्यावर घडले. ज्याचे घर त्या धंद्यावर चालते त्याला दोष देऊन कोणाचेच भले होत नाही.

फक्त एक आकडा जोडतो, कारण ओकिनावा तळांवरच जगतो, असे नेहमी सांगितले जाते. १९७२ मध्ये अमेरिकेने ओकिनावा जपानला परत दिले तेव्हा प्रांताच्या उत्पन्नात तळांशी संबंधित उत्पन्नाचा वाटा सुमारे १५ टक्के होता. अलीकडच्या काळात तो ५ टक्क्यांच्या आसपास आला आहे. नाहा शहरात अमेरिकी सैनिकांची घरे होती ती जमीन परत मिळाल्यावर तेथे दुकाने, कचेऱ्या आणि वस्ती उभी राहिली आणि तळ असताना जेवढा रोजगार होता त्याच्या कितीतरी पट झाला.

दिवाडीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. नौसैनिक बाबांचे म्हणणे मी जसेच्या तसे मंडळासमोर ठेवीन. योनागुनीच्या मतदानावरून एक नवा प्रश्न मनात आला. योनागुनीत मतदान झाले आणि कौलाप्रमाणे छावणी उभी राहिली. हेनोकोच्या भराव्यावरही २०१९ मध्ये प्रांतभर मतदान झाले होते, आणि त्यात विरोधाला मोठे बहुमत मिळाले, तरी काम थांबले नाही. हे कायद्यात कसे बसते? आपल्याकडे १९६७ चा जनमत कौल झाला आणि त्याचा निकाल सर्वांना मान्य करावा लागला, हे मुलांना ठाऊक आहे. ती मुले हा प्रश्न नक्की विचारतील.

म्हापशाचा वकील

बाई, फरक मतदान कोणी घेतले यात आहे. गोव्याचा जनमत कौल संसदेने १९६६ मध्ये केलेल्या खास कायद्याखाली झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ज्यांनी विलीनीकरणासाठी जिवाचे रान केले होते, आणि या मंचावरच्या कित्येक मराठीप्रेमी घरांत ते दुःख पुढेही राहिले, त्यांनीही निकाल मानला, कारण ज्या केंद्र सरकारला निर्णय घ्यायचा होता त्यानेच प्रश्न विचारला होता.

ओकिनावात प्रश्न विचारला तो प्रांताने, उत्तर मात्र टोकियोने द्यायचे होते. प्रांताच्या विधिमंडळाने केलेल्या नियमानुसार मतदानाचा निकाल जपानच्या पंतप्रधानांना आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना कळवण्याचे बंधन राज्यपालांवर होते. तो पाळण्याचे बंधन कोणावरच नव्हते. येथे राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्यासारखा नेमलेला नव्हे, तर लोकांनी थेट निवडून दिलेला प्रांताचा प्रमुख, हे मुलांना सांगायला हवे. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी ५२ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले आणि त्यांतील सुमारे ७२ टक्के मते भराव्याविरुद्ध पडली. काम एक दिवसही थांबले नाही.

हे मतदान घडवून आणले ते तरुणांनी. पाच शहरांच्या महापौरांनी आपापल्या हद्दीत मतदान घेण्यास नकार दिला, म्हणजे प्रांतातील फार मोठ्या संख्येचे मतदार मताला मुकणार होते. तेव्हा जिनशिरो मोतोयामा या विद्यार्थ्याने जानेवारी २०१९ मध्ये गिनोवानच्या नगरपालिकेसमोर उपोषण केले. शेवटी मतपत्रिकेवर होय आणि नाही यांच्या जोडीला कोणतेही नाही असा तिसरा पर्याय ठेवून तडजोड झाली आणि सगळीकडे मतदान होऊ शकले. विरोधी मत असलेल्यांचाही मताचा हक्क शाबूत राहावा, म्हणून केलेले हे उपोषण होते, हे मला फार मोलाचे वाटते.

ही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर १९९६ मध्ये तळ कमी करावेत का, यावर प्रांतात मतदान झाले तेव्हा ८९ टक्के मते होकाराची पडली. डिसेंबर १९९७ मध्ये, ज्या नागो शहराच्या हद्दीत हेनोको येते, तेथील मतदारांनीही तळाला बहुमताने नकार दिला आणि तीनच दिवसांनी तेथील महापौरांनी तळ स्वीकारत असल्याचे सांगून राजीनामा दिला. न्यायालयाचा मार्गही चोखाळून झाला. राज्यपाल मासाहिदे ओता यांनी युद्धविरोधी जमीनमालकांच्या वतीने भाडेपट्ट्यावर सही करण्यास नकार दिला होता. विद्यार्थीदशेत त्यांना स्वतःला ओकिनावाच्या लढाईत उतरवले गेले होते. ऑगस्ट १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. हेनोकोच्या भराव्याची परवानगी २०१५ मध्ये राज्यपाल ताकेशी ओनागा यांनी रद्द केली. तो खटलाही प्रांत हरला. भराव्याच्या सुधारित आराखड्याला राज्यपाल डेनी तामाकी यांनी मान्यता नाकारली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यांच्या जागी स्वतःच मान्यता देऊन टाकली.

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी गोव्याच्या वाट्याला २ येतात. जपानच्या कनिष्ठ सभागृहातील ४६५ जागांपैकी ओकिनावाचे मतदारसंघ ४ आहेत. संसदेत संख्या नाही, मतदानाला बंधनकारक बळ नाही आणि न्यायालय राष्ट्राच्या संरक्षणाचा निर्णय केंद्राचा मानते, अशा स्थितीत माणूस फाटकासमोर जाऊन बसतो. धरण्याने काय साधले, या प्रश्नाच्या आधी हे सारे मार्ग त्यांनी एकामागून एक चालून पाहिले आहेत, हे सांगावे.

बेतूलचा खलाशी

ओकिनावाविषयी मला या सर्वांइतके ठाऊक नाही. परंतु बेटावरचे लोक नेहमी हरतातच असे मुलांना वाटू नये, म्हणून कॅरिबियन समुद्रातील व्हिएकेस बेटाविषयी लिहितो.

अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिकोच्या पूर्वेचे हे बेट. १९४० च्या दशकात अमेरिकी नौदलाने त्याचा मोठा भाग घेतला. एका टोकाला दारूगोळ्याची कोठारे, दुसऱ्या टोकाला तोफांच्या आणि बॉम्बच्या सरावाची जागा आणि लोकांची वस्ती मधल्या पट्ट्यात. विरोध सर्वांत आधी पेटला तो मच्छीमारांत. ते लोक समुद्राच्या तळाशी सापळे सोडतात आणि जागा कळावी म्हणून दोराला बांधलेला तरंगता बोया वर ठेवतात. युद्धनौका सरावाला आल्या की त्यांच्या पंख्यांत हे दोर तुटत, आणि दोर तुटला की सापळा कायमचा गेला, कारण तो खाली कोठे पडला आहे ते पुन्हा सापडत नाही. ज्याने मासेमारीचे साहित्य कर्ज काढून घेतले आहे त्याला हे नुकसान काय असते, ते वेगळे सांगावे लागणार नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये हे मच्छीमार आपल्या लहान होड्या घेऊन थेट युद्धसरावाच्या मध्ये घुसले आणि त्यांनी त्या दिवशीचा सराव अडवला.

पुढे १९ एप्रिल १९९९ रोजी विमानातून टाकलेले बॉम्ब निशाण्यापासून भरकटले आणि डेव्हिड सानेस रोद्रिगेस हा नौदलाकडेच पहारेकऱ्याचे काम करणारा स्थानिक माणूस ठार झाला. त्यानंतर लोक सरावाच्या मैदानातच जाऊन राहिले. न फुटलेले बॉम्ब आजूबाजूला पडलेले असताना त्यांनी तेथे तंबू ठोकले, प्रार्थनामंदिर बांधले आणि वर्षभराहून अधिक काळ सराव बंद पाडला. ४ मे २००० रोजी त्यांना उचलून नेले, तरी लोक पुन्हा पुन्हा कुंपण ओलांडून आत जात राहिले आणि हजाराहून अधिक जणांना अटक झाली. जुलै २००१ च्या मतदानात ६८ टक्के रहिवाशांनी नौदलाने ताबडतोब जावे असे सांगितले. १ मे २००३ रोजी सराव कायमचा बंद झाला.

तेथे हे का जमले, यावर माझे मत असे आहे. पोर्तो रिकोतील एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या प्रश्नावर एकत्र आले, चर्च उघडपणे पाठीशी उभे राहिले आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी राहणाऱ्या पोर्तो रिकोच्या लोकांच्या हाती मते होती, त्यामुळे मुख्य भूमीवरच्या पुढाऱ्यांना ऐकावे लागले. शिवाय सरावाचे मैदान दुसरीकडे हलवता येते. हजारो कोटींचा कायमचा तळ तसा हलत नाही. नौदल गेले तरी जमिनीतले आणि समुद्रातले बॉम्ब काढण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालू राहिले आहे, तेही सांगावे.

पेडण्याचा प्राध्यापक

नौसैनिक बाबांनी सुरक्षारक्षकाची आठवण दिली ते योग्यच केले. बेटावरचे लोक एकमुखी नसतात, हा त्यांचा मुद्दा मी दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाच्या आधारे पुढे नेतो.

जेजूच्या दक्षिण किनाऱ्यावर गांगजोंग नावाचे गाव आहे. एप्रिल २००७ मध्ये ८७ गावकऱ्यांच्या बैठकीत टाळ्या वाजवून नौदलाच्या तळाला संमती दिल्याचे ठरवले गेले. बाकीच्या गावाला हे कळल्यावर ऑगस्टमध्ये रीतसर मतदान झाले. ७२५ लोकांनी मत दिले आणि त्यांपैकी ६८० विरोधात होते. सरकारने आधीची संमतीच धरून ठेवली. मार्च २०१२ मध्ये गुरोम्बी हा किनाऱ्यावरचा अखंड खडक सुरुंगांनी फोडायला घेतला आणि २०१६ मध्ये तळ सुरू झाला. या दरम्यान गाव उभे चिरले गेले. बाजूचे आणि विरोधातले लोक वेगवेगळ्या दुकानांत जाऊ लागले, सख्खे भाऊ पितरांचे विधी वेगळे करू लागले. ज्यांनी आंदोलन केले त्यांच्यावर नौदलाने ३.४ अब्ज वॉनच्या नुकसानभरपाईचा दावा लावला, तो डिसेंबर २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. तळ होऊनही तेथे सकाळचे शंभर नमस्कार आणि फाटकाजवळचा मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासना, लोकांनी चालू ठेवला. आपल्या दिवाडीच्या मुलांना मिस्सा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही.

आता विद्यार्थ्याच्या मूळ आक्षेपाकडे परत येतो, कारण इए बेटाचा दाखला जुना आहे आणि आजचे काय, असे तो विचारील. १९४५ च्या लढाईत ओकिनावातील दर चार रहिवाशांमागे साधारण एक जण मरण पावला आणि त्यांतील पुष्कळ जण बेटाच्या दक्षिण भागातील गुहांत आणि रानांत मेले. त्यांची हाडे आजही सापडतात. ताकामात्सु गुशिकेन हे गृहस्थ गेली चाळीसेक वर्षे स्वतःच्या खर्चाने आणि श्रमाने ती शोधून काढत आहेत, जेणेकरून ती कुटुंबांकडे पोहोचावीत. २०२० मध्ये हेनोकोच्या सुधारित आराखड्यात भराव्यासाठी दक्षिण ओकिनावातून माती आणि दगड घेण्याची शक्यता नमूद केली गेली. चुनखडीच्या चुऱ्यात मिसळलेली ती हाडे नव्या तळाच्या पायाखाली जाणार, हे दिसताच गुशिकेन मार्च २०२१ मध्ये नाहा येथे प्रांत कचेरीसमोर उपोषणाला बसले. त्या मातीत जपानी सैनिकांची हाडे आहेत, अमेरिकी सैनिकांचीही आहेत, म्हणून त्यांनी ही मागणी कोणा एका बाजूची म्हणून मांडली नाही. मुख्य भूमीवरच्या अनेक नगरपालिकांनी आणि विधिमंडळांनी या मागणीला पाठिंबा देणारे ठराव केले. जमिनीचा तुकडा परत मिळावा असे येथे कोणी मागत नव्हते, आणि मागणारा माणूस भरपाईचा दावेदारही नव्हता.

बाई, बैठकीत नकाशा लावाल तेव्हा मुख्य बेटाबरोबर इए, मियाको, इशिगाकी आणि योनागुनी ही बेटेही ठळक करून दाखवावीत. मियाको आणि इशिगाकी येथेही गेल्या काही वर्षांत जपानी स्थलसेनेच्या छावण्या झाल्या आहेत, आणि इशिगाकीत तर एक-तृतीयांशाहून अधिक मतदारांनी सह्या करून मतदान मागितले असताना ते घेतले गेले नाही. योनागुनीचा कौल आणि इशिगाकीचा न घेतलेला कौल ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली, तर नौसैनिक बाबांचा आणि वकील महाशयांचा मुद्दा एकाच वेळी मुलांसमोर येईल. १९५४ च्या त्या नियमांचा मराठी तर्जुमा माझ्याजवळ आहे. हवा असल्यास मी तो येथेच लिहून देतो.